खाडीतली होडी: पेट्रोल की बॅटरी?

होडीला पेट्रोलचं इंजिन बसवावं की बॅटरीवरची मोटर, हा प्रश्न दुकानात विचारला तर उत्तर तिथे कोणता माल पडून आहे त्यावर ठरतं. बंदरावर विचारला तर ऐकू येतं, "बॅटरी? ती पोरांच्या खेळण्याला." आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला विचारलं तर तो लगेच मोबाइलवर परदेशातल्या बिनआवाजाच्या बोटी दाखवायला लागतो. तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य असतं. फक्त तुमची होडी कोणत्या पाण्यात चालते, हे त्यांच्यापैकी कुणीच विचारलेलं नसतं.

आधी कोणत्या होडीबद्दल बोलतोय ते सांगतो. सोळा ते वीस फुटांची, फायबरची किंवा लाकडी, एक-दोन माणसांची. कोकणातल्या एखाद्या खाडीत बोय, काळुंदर, शेंगटी नाहीतर चिंबोऱ्या धरणारी. फार तर खाडीच्या मुखाबाहेर जाऊन जाळं टाकून येणारी. किंवा उजनीसारख्या धरणाच्या पाण्यात चिलापी-कटल्याच्या मागे असणारी. ट्रॉलर, पर्ससीन, मोठे मचवे यांचा इथे विचार नाही. त्यांची डिझेल इंजिनं होडीच्या पोटात असतात आणि नजीकच्या काळात बॅटरी त्यांची जागा घेईल असं मला वाटत नाही.

छोट्या होडीचं सगळं गणित ऊर्जेच्या वजनावर येऊन ठेपतं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे वीजबिलावर असतं तेच, एक किलोवॉट-तास. पण होडीमागचं छोटं इंजिन यातला जेमतेम पाचवा हिस्सा पंख्यापर्यंत पोचवतं. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन धुरातून आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. लिटरमागे हाती लागतात पावणेदोन, फार तर दोन युनिट. उलट चांगली विजेची मोटर बॅटरीतल्या ऊर्जेपैकी ८० ते ९० टक्के पंख्याच्या दांड्यापर्यंत नेते. एवढंच ऐकलं तर मोटर जिंकली असं वाटेल. पण घोडं पेंड खातं ते पुढेच.

दहा लिटर पेट्रोलचं वजन साडेसात किलोच्या आत. त्यातून पंख्याला १८ ते २० युनिट मिळतात. तेवढीच ऊर्जा लिथियम बॅटरीत भरून न्यायची तर बॅटरीचं वजन २०० किलोच्या आसपास जातं. म्हणजे होडीत दोन-तीन धडधाकट माणसं जादा बसवल्यासारखं. शिशाच्या बॅटरीचा हिशोब तर आणखी बेकार. आपल्या घरी इन्व्हर्टरला जोडलेली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी घ्या. कागदावर तिच्यात १.८ युनिट असतात, वजन ५० ते ६० किलो. ती दोन-तीन वर्षं तरी टिकावी असं वाटत असेल तर निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही. उरले ०.९ युनिट. दोघांनी मिळून उचलून, चिखलातून होडीपर्यंत नेलेल्या त्या ओझ्यात अर्ध्या लिटर पेट्रोलचं काम असतं. त्यातही एकदम जास्त करंट ओढला की शिशाची बॅटरी कागदावरच्यापेक्षा कमीच देते. रिक्षाच्या जुन्या बॅटऱ्या स्वस्तात मिळतात म्हणून मासेमारीच्या होडीत टाकणारे आहेत. पहिले काही महिने ते खूश असतात.

म्हणजे बॅटरीचा विषय इथेच संपला का? संपला असता, जर होडी नेहमी पूर्ण वेगाने पळवायची असती. पाण्याचा एक स्वभाव इथे मदतीला येतो.

पाणी कापत जाणाऱ्या होडीला तिच्या लांबीनुसार एक वेगमर्यादा असते. होडीचा जेवढा भाग पाण्यावर टेकलेला असतो त्याची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. टेकलेली लांबी १६ फूट असेल तर ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर. त्यापलीकडे जायला लागलं की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर होते, मागची बाजू खाली बसते आणि इंजिन नुसतं ओरडतं. ती लाट ओलांडून पाण्याच्या पृष्ठभागावर घसरत जायचं तर असल्या होडीला १५ ते २५ अश्वशक्ती मागे हवी. छोट्या होडीच्या बॅटरीचं ते काम नव्हे. ती शर्यत पेट्रोलने कधीच जिंकली आहे.

पण त्या मर्यादेच्या खाली चित्र पालटतं. वेग वाढवायचा तर लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते. उलट वेग निम्म्यावर आणला तर शक्ती आठवा हिस्सा पुरते. अठरा फुटांची फायबर होडी, दोन माणसं, जाळं आणि बर्फाची पेटी असं धरून चला. शांत पाण्यात साडेतीन नॉटने, म्हणजे ताशी साडेसहा किलोमीटरने जायला बॅटरीतून साधारण ७०० वॉट ओढले जातील. पाच नॉटला तेच २ किलोवॉटवर जातं. आता होडीत ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे असं समजा. वजन ४० ते ५० किलो. तिच्यात ४.८ युनिट असतात, त्यातले ८० टक्के वापरायचे म्हणजे ३.८. पाच नॉटने गेलात तर दोन तासांच्या आत, सतरा-अठरा किलोमीटरवर खेळ आटोपतो. साडेतीन नॉटने गेलात तर साडेपाच तास आणि पस्तीस किलोमीटर. वेग एक तृतीयांशाने कमी केला, पल्ला दुप्पट झाला. होडीचा तळ शेवाळलेला असेल, त्याला शिंपले चिकटलेले असतील किंवा पंखा चुकीचा असेल तर हे आकडे घसरतात, पण त्यांचं एकमेकांशी नातं तसंच राहतं. बॅटरीवाल्याने घाई करायची नसते. ज्याला घाई आहे त्याने पेट्रोल घ्यावं आणि लेखाचा पुढचा भाग न वाचला तरी चालेल.

पस्तीस किलोमीटर ऐकून हुरळून जाऊ नका, कारण खाडीतलं पाणी कधी स्वस्थ बसत नाही. दर सहा-सव्वासहा तासांनी ते फिरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईच्या बाजूला भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे हा फरक बराच कमी असतो, तरी अरुंद मुखातून ओहोटीचं पाणी बाहेर धावतं तेव्हा त्याची ओढ दोन नॉटची सहज भरते. साडेतीन नॉटने चालणारी होडी त्या ओढीविरुद्ध आत यायला लागली तर जमिनीच्या हिशोबाने तिचा वेग उरतो दीड नॉट, माणसाच्या सावकाश चालण्याहूनही कमी. मघाचे पस्तीस किलोमीटर पंधरावर आले. आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारनंतर सुटणारा वायव्येचा वारा तोंडावर आला, तर पंधराचे किती होतील हे ज्याने तो वारा खाल्लाय त्याने सांगावं.

म्हणून बॅटरीची होडी चालवणाऱ्याला पंचांग वाचता यायला हवं. ओहोटीबरोबर बाहेर, भरतीबरोबर आत. अष्टमीच्या भांगाला पाणी सुस्त असतं तेव्हा कुठेही. शिडाच्या आणि वल्ह्याच्या दिवसांत आपले आजे-पणजे हेच करत होते. पेट्रोलच्या इंजिनाने आपल्याला भरती-ओहोटीच्या गुलामीतून सोडवलं, हे त्याचं खरं देणं आहे, आणि ते लहान नाही. वेळ चुकली तरी माणूस घरी येतो.

पेट्रोल आणि बॅटरीच्या या भांडणाला एक गमतीदार इतिहास आहे. होडीच्या मागे अडकवायची, काढता-घालता येणारी मोटर प्रथम आली ती विजेची. १८८१ साली पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे या संशोधकाने सुकाणूलाच मोटर आणि पंखा बसवून सीन नदीत होडी चालवून दाखवली. त्याआधी १८३८-३९ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गला नेव्हा नदीत मोरित्झ याकोबीने बॅटरीवर माणसांनी भरलेली बोट चालवली होती. पेट्रोलची बाहेर टांगायची इंजिनं बाजारात रुळली ती विसाव्या शतकात. अमेरिकेतल्या ओले इव्हिनरूडचं नाव त्यात मोठं, त्याने १९०९ पासून ती विकायला सुरुवात केली. वीज पहिली येऊनही मागे पडली, कारण तिच्या बॅटऱ्या तेव्हा दगडासारख्या जड होत्या. शंभर वर्षांनी लिथियम आलं आणि खटला पुन्हा उभा राहिला. २००५ मध्ये जर्मनीत श्टार्नबर्ग सरोवराकाठी टॉर्कीडो ही कंपनी निघाली. बव्हेरियातल्या सरोवरांवर इंजिनाच्या बोटींना कडक बंधनं आहेत, तेव्हा तिथे अशा मोटरला गिऱ्हाईक मिळणारच होतं. आपल्याकडे केरळात वैक्कम ते तवणक्कडव या मार्गावर २०१७ च्या जानेवारीपासून 'आदित्य' ही ७५ उतारूंची सौर फेरीबोट चालते. छतावर सौर पॅनेल, पोटात लिथियम बॅटरी.

'आदित्य' का चालली, ते पाहण्यासारखं आहे. अंतर ठरलेलं, वेळ ठरलेली, धक्का ठरलेला. किती ऊर्जा लागणार हे सकाळीच माहीत. मासा मात्र वेळापत्रक पाळत नाही. ज्या दिवशी मुखाबाहेर अर्ध्या तासावर बांगड्याचा थवा लागल्याची खबर येते, त्या दिवशी बॅटरीचा काटा बघत बसणारा माणूस धंद्यातून उठतो. चिंबोरीचे सापळे लावणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या जागा ठरलेल्या असतात, तो रोज त्याच वळणांवरून जातो. त्याची होडी म्हणजे जवळजवळ फेरीबोटच.

आता पेट्रोलच्या इंजिनाची दुसरी बाजू. ती बाजू ज्याला रोज सोसावी लागते त्यालाच कळते. सकाळी गार पडलेलं इंजिन. चोक ओढायचा, नळीतला रबरी गोळा दाबून दाबून घट्ट करायचा, मग दोरी. पहिल्या ओढीला काही नाही, दुसऱ्या ओढीला खोकल्यासारखा आवाज, चौथ्या-पाचव्या ओढीला पेट्रोलचा वास आला की समजायचं प्लग ओला झाला. चोक आत ढकलून पुन्हा ओढ. सुरू झालं की मान वळवून मागे बघायचं: इंजिनाच्या कडेने पाण्याची बारीक पिचकारी उडते आहे ना? ती पिचकारी म्हणजे थंड करणारं पाणी फिरत असल्याची खूण. ती बंद पडली तर लगेच इंजिन बंद करायचं, नाहीतर पिस्टन चिकटला. आपल्या खाड्यांत पाणी ओढणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसली की हे हमखास होतं. आतला रबरी चक्राचा पंप खाडीच्या गाळाने झिजतो, तो वेळेवर बदलावा लागतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून धुवायचं असतं. किती जण धुतात, ते बंदरावर जाऊन पाहावं.

त्यात एक नवी भर पडली आहे, इथेनॉलची. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. होडीच्या अनेक इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच मुभा लिहिलेली असते. इथेनॉल हवेतला दमटपणा शोषून घेतं, आणि कोकणात दमटपणाला तोटा नाही. पाणी फार झालं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. जून-जुलैत होडी ओढून ठेवताना टाकीत पेट्रोल तसंच सोडलं तर नारळी पौर्णिमेला कार्बोरेटर उघडून बसण्याची वेळ येते. उपाय सोपा आहे: होडी ठेवण्याआधी टाकी रिकामी करायची, नळी काढायची आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालवायचं. हे काम दहा मिनिटांचं आहे.

जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांचा मोह अजून आहे. हलकी, सोपी, कुठलाही मेकॅनिक उघडतो. पण ती पेट्रोलचा मोठा वाटा न जाळताच धुराबरोबर पाण्यात सोडतात. खाडीत त्यांच्यामागे तेलाचा सप्तरंगी पट्टा दिसतो तो त्याचाच. फोर-स्ट्रोक जड असतं, महाग असतं, पण त्याच कामाला पेट्रोल कितीतरी कमी पितं. नवं पेट्रोल इंजिन घ्यायचंच तर फोर-स्ट्रोकच घ्या. इथे माझ्या मनात काही शंका नाही.

विजेच्या मोटरला यातलं काही लागत नाही. प्लग नाही, कार्बोरेटर नाही, तेल बदलणं नाही. कळ फिरवली की चालू. तिची दुखणी वेगळी आहेत. जाळं किंवा दोर पंख्यात गुंतला तर पेट्रोलचं इंजिन दम तुटून बंद पडतं आणि कळतं काय झालं ते. विजेची मोटर अडकली तरी जोर लावतच राहते. संरक्षण नसेल तर फ्यूज उडतो किंवा गुंडाळी जळते. लिथियम बॅटरीत एक रखवालदार सर्किट असतं. ते बॅटरी वाचवतं, तुमची फेरी वाचवत नाही. व्होल्टेज खाली गेलं की ते एका क्षणात पुरवठा तोडतं, आणि हे खाडीच्या मुखाशी लाटेत झालं तर पेट्रोलच्या डब्यासारखं हलवून बघण्याची सोय नसते. म्हणून व्होल्ट दाखवणाऱ्या साध्या काट्यावर विसंबू नये. किती अँपिअर-तास वापरले हे मोजणारं मीटर लावावं आणि बॅटरी निम्मी झाली की नाळ घराकडे वळवावी. खाऱ्या हवेत तांब्याच्या जोडांवर हिरवा गंज चढतो, तिथे विजेला होणारा रोध वाढतो आणि जोड तापतो. कथिलाचा मुलामा दिलेली तार, घट्ट बसवलेली टोकं, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. यात काटकसर केली तर आगीचा धोका पेट्रोलपेक्षा कमी राहत नाही. बॅटरी घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची. इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा ती थोडी जड असते, पण तापून भडकण्याच्या बाबतीत पुष्कळ शांत. बाकी स्वतः झिजून दुसरा धातू वाचवणारा जस्ताचा बळीचा तुकडा दोन्ही प्रकारांना लागतोच, तो झिजला की बदलायचा.

दुरुस्तीबाबत मात्र पेट्रोलला तोड नाही. हर्णे असो, मालवण असो, इंजिन उघडून बसवणारा माणूस बंदरावर सापडतोच, सुटे भागही मिळतात. विजेच्या मोटरचा कंट्रोलर गेला तर तो खोक्यात घालून कुठल्यातरी शहरात पाठवावा लागतो आणि तो परत येईपर्यंत हंगामाचे सर्वांत चांगले दिवस निघून जातात. मोटर घेताना तिच्या ताकदीपेक्षा हा प्रश्न आधी विचारावा: कंट्रोलर बदलून किती दिवसांत मिळेल?

विकणाऱ्यांच्या आकड्यांबद्दलही सावध राहावं. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. पण मोटरवर लिहिलेले वॉट बहुतेक वेळा बॅटरीतून ओढले जाणारे असतात, पंख्यातून पाण्याला मिळणारे नव्हेत. शिवाय "१ किलोवॉटची मोटर ३ अश्वशक्तीच्या इंजिनाएवढी" असे दावे केले जातात. मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा कमी वेगात जास्त ढकलतो, त्यामुळे त्यात थोडं खरं असतं. पण वेग वाढला की ते खरं राहत नाही. तळ्यात गळ टाकणाऱ्यांसाठी बनलेल्या बारीक मोटरी 'पौंड' रेट्याने विकल्या जातात. १२ व्होल्टवर ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगाला ५० अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे ६०० वॉट. धरणाच्या निवांत पाण्यात मरळीमागे हळूहळू सरकायला ती छान. तिच्या जोरावर खाडीचं मुख ओलांडायला जाऊ नये.

आता पैशाचं. मुंबईत पेट्रोलने २०२१ मध्ये शंभरी ओलांडली आणि ते पुन्हा खाली आलेलं नाही. रोज दोन लिटर जाळणाऱ्याचे दोनशेच्या वर जातात. तेवढंच काम बॅटरीतून करायचं तर चार युनिट, चार्ज करतानाची गळती धरून साडेचार-पाच. घरगुती वीज दहा रुपये युनिट धरली तरी पन्नास रुपये. दिवसाला दीडशे-एकशे साठ रुपये वाचले, वर्षात दोनशे दिवस होडी बाहेर पडली तर तीस-बत्तीस हजार. बॅटरी, मोटर, चार्जर यांचं कोटेशन हातात घ्या, पेट्रोल इंजिनाचं कोटेशन त्यातून वजा करा आणि उरलेल्या रकमेला या बचतीने भागा. उत्तर चार वर्षांच्या आत आलं तर विचार करण्यासारखं आहे. आठ आलं तर खाऱ्या हवेत आठ वर्षं चांगली चालणारी बॅटरी तुम्हाला कोण देणार आहे? रोज अर्धा लिटरच जाळत असाल तर पैशासाठी बॅटरी घेण्यात अर्थ नाही. आवाजासाठी, धुरासाठी, हातांना बसणाऱ्या कंपासाठी घेतलीत तर गोष्ट वेगळी. ती कारणंही खोटी नाहीत.

आणि दहा लिटर जाळणाऱ्याला बचत मोठी दिसते, पण त्याला लागणारी बॅटरी होडीत मावत नाही. फायदा आहे तो मधल्या पट्ट्यात.

चार्जिंगचा प्रश्न लोक शेवटी विचारतात, तो पहिला विचारायला हवा. होडी जिथे बांधता तिथे वीज आहे का? नसेल तर ४०-५० किलोची बॅटरी रोज घरी कोण नेणार? दोन लहान बॅटऱ्या जोडून घेतल्या तर एकेक उचलता येते. साध्या १० अँपिअरच्या चार्जरला ४.८ युनिटची बॅटरी भरायला दहा तास लागतात. रात्रभर लावून ठेवायची, तेवढं बरं. पण कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर वादळवाऱ्यात वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. होडीवर सौर पॅनेल लावण्याची कल्पना आकर्षक वाटते. ५४० वॉटचं पॅनेल अडीच चौरस मीटरहून थोडं मोठं असतं आणि चांगल्या उन्हात दिवसाला दोन-सव्वादोन युनिट देतं. म्हणजे लिटरभर पेट्रोल रोज फुकट. पण छोट्या होडीत तेवढं छप्पर घातलं की जाळं फेकायला, ओढायला जागा उरत नाही, आणि वारा त्याला शिडासारखा धरतो. पॅनेल घराच्या कौलांवर लावावं, होडीवर नको.

कायद्याचंही एक सांगून ठेवतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस समुद्रातल्या मासेमारीला बंदी असते आणि तिच्यातून सूट असते ती मोटर न लावलेल्या पारंपरिक होड्यांना. बॅटरीची मोटर आवाज करत नसली तरी ती मोटरच. ती बसवून आपली होडी बिगरयांत्रिक राहते असं कुणी सांगितलं तर मत्स्यव्यवसाय कार्यालयातून ते लेखी आणायला सांगावं. धरणातल्या पाण्याचे नियम आणखी निराळे असतात, ते तिथल्या कार्यालयात विचारावेत.

मग घ्यायचं काय? खाडीत ठरलेल्या जागी जाळी-सापळे लावणाऱ्याने, धरणात मासेमारी करणाऱ्याने, पर्यटकांना खाडी दाखवायला नेणाऱ्याने आता बॅटरीचा गंभीरपणे विचार करावा; यांतल्या पुष्कळांसाठी तिचे दिवस आले आहेत. जो मुखाबाहेर जातो, थव्यामागे धावतो किंवा लिलावाची वेळ गाठायला पळतो, त्याने फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनच ठेवावं, निदान पुढची काही वर्षं. काही जण दोन्ही ठेवतात: जायला-यायला पेट्रोल, जाळ्यापाशी हळूहळू फिरायला बारीक विजेची मोटर. खर्च थोडा वाढतो, पण मला ही जोडी पटते. दिवसातला सर्वांत जास्त वेळ होडी सावकाश चालत असते आणि पेट्रोलचं इंजिन सावकाश चालताना सर्वांत जास्त नासाडी करतं.

कोणतंही कोटेशन मागवण्याआधी महिनाभर एक वही ठेवा. रोज किती लिटर गेलं, किती लांब गेलात, भरती होती की ओहोटी, परतताना वारा कुठला होता, एवढं चार शब्दांत लिहा. महिन्यातले पंचवीस दिवस दोन लिटरच्या आत भागत असेल आणि होडीपासून हाकेच्या अंतरावर विजेचा प्लग असेल तर बॅटरी घ्या. नसेल तर पेट्रोल घ्या आणि गोड्या पाण्याचं एक पिंपही घ्या. दोन्ही बाबतींत होडीतली वल्ही काढून ठेवू नका.